भंगारातल्या बसचं विमान

जो माणूस बोलत नाही, त्याच्यासमोर लोक सगळं बोलून टाकतात. माझं तसंच आहे. शाळेत हजेरीच्या "येस मॅडम"शिवाय माझा आवाज कोणी फारसा ऐकलेला नाही. पण कान चालू असतात ना! म्हणून माझ्या भूगोलाच्या वहीची मागची पानं भरून गेली आहेत. तीही शाळेतल्या गमतींनी नाही, ताईच्या क्लासमधल्या!

माझी ताई, रेणू, वाशीमला एअर होस्टेसचा क्लास करते. आम्ही केनवडचे. एकटीने जायचं नाही, धाकटीला सोबत न्यायचं, ही घरची अट. म्हणून दर शनिवार-रविवार मीही तिथे. दुसरी अट मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"तीन मयने देतो. पास झाली तं जा नागपूरले मुलाखतीले. नाई तं पाहुणे बोलावतो."

पाहुणे म्हणजे मुलगी बघायला येणारे. ताई एकोणीस वर्षांची आहे.

* * *

क्लासच्या मागे मोकळ्या जागेत भंगारातून आणलेली एक ट्रॅव्हल्स बस उभी आहे. तेच आमचं विमान! पुढे एक दार, मागे एक दार. दोन्ही दारांपासून जमिनीपर्यंत तिरपी ताडपत्री ताणून बांधलेली आणि खाली गाद्या. संकटात प्रवाशांनी त्यावरून घसरत उतरायचं.

क्लासच्या मॅडम पूर्वी खऱ्या विमानात एअर होस्टेस होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "विमान नव्वद सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. त्यासाठी गोड आवाज नको, मोठा हवा. ओरडा!"

सगळ्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. आजवर प्रत्येकीला "हळू बोल" एवढंच शिकवलेलं. शेवटी किन्हीराजा गावची पल्लवी उठली आणि "उडी मारा!" असं ओरडली की शेजारचे टेलर हातातल्या कात्रीसकट धावत आले.

"कुठे शिकलीस गं?" मॅडमनी विचारलं.

"वावरात. रोही हाकलतो नं आमी." रोही म्हणजे पिकात घुसणारी नीलगाय.

"ऐका सगळ्यांनी! आजपासून समोर प्रवासी नाही, रोही उभा आहे असं समजायचं!"

मग ताईची पाळी आली. ताई म्हणाली, "उडी मारता का... जरा?"

"रेणू, विमान पेटलंय! पंगतीत भाजी वाढत नाहीयेस तू!"

* * *

रिकाम्या बसमध्ये सराव काय होणार? म्हणून मॅडमनी बचत गटाच्या बायकांना प्रवासी म्हणून बोलावलं. पहिला नियम असा की सामान तिथेच सोडायचं, कारण पिशवी सांभाळणारा माणूस मागच्या सगळ्यांना अडकवतो.

ताई ओरडली, "सामान सोडा!" (एव्हाना तिचा आवाज तिसऱ्या सीटपर्यंत जायला लागला होता.) सगळ्या उठल्या. एक आजी मात्र पिशवी पोटाशी धरून बसल्या.

"आजी, सोडा नं पिशवी!"

"कायले?"

"आग लागली, आजी!"

आजींनी शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. "आग खोटी हाय, बाई. पिशवी खरी हाय."



* * *

गावात आम्ही बसमधून उतरलो की शेजारची काकू ओट्यावर तयारच असते. एकदा घरातच आली आणि आईला म्हणाली, "विमानात चहाच तं द्या लागते. त्याच्यासाठी एवढा क्लास?"

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"चहा तं मी बी वीस वर्षांपासून देऊन राह्यली. मले कोणी खिडकीजवळबी बसवलं नाही. कायीतरी येगळं शिकवत असतीन!"

काकू त्या दिवशी चहा न घेताच गेली.

* * *

काही प्रवासी दारापर्यंत येतात आणि खाली बघून थिजतात. त्यांना ढकलायचं असतं. थिजलेला प्रवासी कोण होणार, असा प्रश्न आला आणि मॅडमनी थेट माझ्याकडे बोट केलं. "हिच्याइतकी घाबरलेली मला कुठे मिळणार!"

मी दारात उभी राहिले. नाटक करायची गरजच पडली नाही. ताईने माझ्या पाठीला हात लावला आणि थांबली.

"मॅडम, लागंल तिले."

"आणि आत राहिली तर?"

ताईचा हात तसाच. मागे दहा बायका रांगेत. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तेच सगळ्यात नको असतं. शेवटी मीच म्हणाले, "ढकल नं वं, ताई!"

क्लासमधलं माझं पहिलं वाक्य. मॅडम म्हणाल्या, "अरे, ही बोलते!" तोवर मी खाली गादीवर होते.

* * *

मग मिनीबसचा प्रकार झाला. आम्ही खासगी मिनीबसने वाशीमला चाललो होतो. मागच्या संकटकालीन दाराशी सोयाबीनची पोती रचलेली. ताईने कंडक्टरला विचारलं, "दादा, हे दार उघडते का?"

"उतराचं तं समोरून उतर नं."

"आग लागली तं?"

"तं तिकिटाचे पैशे वापस!"

बस हसली. ताईचे कान लाल झाले. आणि मग तिने रोह्याला हाकलावं तसा आवाज काढला, "पोते हटवा!"

ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला. दोन पोती आपोआपच हटली. उरलेली कंडक्टरने हटवली!

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. मोठेबाबा अंगणातच बसले होते. "गाडीत बोंबलते म्हणे. पोरीचा आवाज दाराच्या भायेर गेला नाई पाह्यजे."

त्यांच्यासमोर ताई कधी मान वर करत नसे. त्या दिवशी केली.

"मोठेबाबा, लोकाईले दाराभायेर काढाचं शिकून राह्यली मी. आवाज पह्यले जाईन नं!"

आईने आत भांडं आपटलं. मला वाटतं, मुद्दामच.

मोठेबाबा म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी मीच येतो. पाह्यतो काय शिकवतेत ते."

* * *

परीक्षेच्या दिवशी ते खरंच आले. मॅडमनी त्यांनाही प्रवासी करून पुढच्या दाराजवळ बसवलं. नियम साधा होता. नव्वद सेकंद, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत घड्याळ थांबणार नाही. पुढच्या दाराशी ताई, मागच्या दाराशी पल्लवी.

शिट्टी वाजली. ताईने खिडकीतून बाहेर आग नाही ना ते पाहिलं, दार उघडलं आणि ओरडली, "सामान सोडा! इकडे या!"

सगळ्यात आधी मोठेबाबा उठले. दारात गेले. पण उडी मारायच्या ऐवजी वळले, दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि दार अडवून उभे राहिले.

"बस झाला तमाशा. चाल घरी."

आतल्या बायका जागच्या जागी थांबल्या. खाली मॅडमच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग चक्क पाठ फिरवली.

"हे दार बंद! मागे वळा! मागच्या दाराने!"

दार अडलं तर वाद घालायचा नसतो, प्रवाशांना दुसरीकडे वळवायचं असतं. सगळ्या बायका भराभर वळल्या. पल्लवी तिकडून ओरडतच होती. मीही त्या लोंढ्यात घसरत खाली आले आणि धावत बसच्या पुढे गेले. काचेतून आतलं सगळं दिसत होतं.

बाहेर पडण्याआधी आत कोणी राहिलं का, ते बघावं लागतं. ताई मागून एकेक सीट तपासत, वाकून खाली बघत पुढे येत होती.

"कोणी आहे का? कोणी राहिलं का?"

रिकाम्या बसमध्ये मोठेबाबा अजून दांडे धरून उभे.

"मी हाय नं!"

"मंग थांबले काहून? उडी मारा!"

मॅडम मोठ्याने मोजू लागल्या, "शहात्तर... सत्त्याहत्तर..."

मोठेबाबांनी दांडे सोडले, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि ताडपत्रीकडे वळले.