तुरीच्या पाण्याचा दावा

अकोल्याच्या कोर्टात मी हयात घालवली. आता वकिली सुटली आहे, अमरावतीला मुलाकडे राहतो. जिंकलेले बहुतेक दावे विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. त्या दाव्याबद्दल अकोल्यात अजून जे बोललं जातं ते खोटं आहे, म्हणून हे लिहितो.

माझ्या शाळेपासूनच्या मित्राची तिथे डाळमिल होती. तूर भरडण्याआधी तिला तेल लावतात, उन्हात टाकतात, मग पाणी देऊन ढीग झाकून ठेवतात. एवढं सगळेच मिलवाले करतात. पण पाणी देण्याची त्याची स्वतःची रीत होती. पाण्यात काय घालायचं, ढीग कधी उघडायचा, हे त्यानं बरीच तूर नासवून शोधून काढलं होतं. त्याची डाळ कमी फुटायची, चुरी थोडी निघायची आणि व्यापारी त्याचा माल आधी उचलायचे. हे काम तो शेडचं शटर ओढून करायचा. आत तो आणि त्याचा मिस्त्री, तिसरं कोणी नाही.

हे मला ठाऊक होतं, कारण त्या शटरपाशी मी स्वतः अडलो होतो. तेल्हाऱ्याहून माझे व्याही आले होते, त्यांना मिल दाखवायला नेलं. मित्रानं सगळीकडे फिरवलं, आग्रह करून जेवू घातलं. शेडपाशी आल्यावर मात्र थांबला.

"इथून पुढे नाई. तुमी हाफिसात बसा, मी चहा पाठवतो."

मी हसून म्हटलं, "लेका, मले बी नाई काय?"

"तुले बी नाई."

व्याह्यांसमोर मला ते फार लागलं. चहा न पिता निघालो. पुढे त्याच्याशी बोलणं-चालणं चालू राहिलं, पण मिलमध्ये मी पुन्हा पाय ठेवला नाही.

काही वर्षांनी त्याचा मिस्त्री काम सोडून गेला. एका व्यापाऱ्यानं पैसा लावला आणि दोघांनी नवी मिल टाकली. पहिल्याच हंगामात तिथून तशीच डाळ निघू लागली. मित्रानं दावा लावला. व्यापारी माझा जुना पक्षकार होता. मी त्याचं आणि मिस्त्रीचं वकीलपत्र घेतलं.

मित्र घरी आला. बसला नाही.

"तू त्याच्याकून उभा राहून राहिला म्हन्तात."

"धंदा आहे माझा."

"मंग चांगला उभा राह्य. अर्धवट काई करत जाऊ नको."

आपल्याकडे धंद्याच्या गुपितासाठी वेगळा असा कायदा नाही, राज्याचाही नाही. करार असेल तर करारावर, नसेल तर विश्वासभंग झाला म्हणून कोर्ट मनाई हुकूम देतं. पण मालकाला आधी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. ती गोष्ट चारचौघांना माहीत नव्हती, आणि माहीत होऊ नये म्हणून त्यानं काळजी घेतली होती. मिस्त्रीशी लेखी करार नव्हता. ज्याच्या पोरीच्या लग्नात आपण पंगतीला वाढलं, त्याच्याकडून कागदावर सही घ्यायचं मित्राच्या मनातही आलं नसणार. म्हणजे सगळं त्या ओढलेल्या शटरवर येऊन ठेपलं होतं. मिस्त्रीनं साक्षीत शटर ओढत होतो हेच नाकारलं. माझ्या ऑफिसात तो मला काय म्हणाला होता, ते मी इथे लिहिणार नाही. पक्षकाराचं गुपित राखायला वकील आयुष्यभर बांधलेला असतो. त्या गुपितासाठी मात्र कायदा होता.

उलटतपासणीच्या दिवशी मागचे बाक मिलवाल्यांनी भरले होते. मी विचारलं, "तुमच्या मिलमध्ये लोक येतात?"

"येतात."

"नातेवाईक, शेतकरी, मित्र?"

"सारेच येतात."

"आलेल्या माणसाला तुम्ही कधी दारातून परत पाठवलं आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "हो, तुम्हालाच," एवढं म्हटलं की त्याचं काम झालं असतं. ते उत्तर खरं होतं आणि तेवढ्यावर माझी बाजू लंगडी पडली असती. पण तो हे म्हणणार नाही याची मला खात्री होती. आलेल्याला परत लावलं असं वऱ्हाडातला माणूस चारचौघांत कबूल करत नाही. मी प्रश्न बेतला होता तो याच हिशोबानं.

"नाई," तो म्हणाला. "आमच्या इथून कोनालेच परत लावत नाई."

"आणखी प्रश्न नाहीत."

त्याच्या वकिलानं नंतर बरीच धडपड केली, पण उत्तर नोंदवून झालं होतं. वादीनं गुपित राखण्याची दक्षता घेतल्याचं दिसत नाही, असा निकाल लागला. गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. सगळ्यांची रीत हा स्वतःची म्हणून सांगत होता, खोटारडा निघाला. बाजारात त्याला तोंडावर टोमणे बसू लागले. मिस्त्रीकडून ती रीत दुसऱ्यांनी उचलली, त्यांच्याकडून तिसऱ्यांनी. ही पद्धत अकोल्यात सर्वांना माहीत आहे, असं मी कोर्टात ठासून सांगितलं होतं. तेव्हा ते खोटं होतं. आज खरं आहे, आणि ते मी खरं करून दिलं. मित्राच्या मिलचं आता गोदाम झालं आहे, भाड्यानं दिलेलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो. अंगणात उन्हात बसला होता. मी बोलायला सुरुवात केली, ती त्यानं मध्येच तोडली.

"काहून आला, ते सांग."

मी सांगितलं. प्रश्न मुद्दाम विचारला होता. तू आपली इज्जत सांभाळायला खोटं बोलशील हे मला माहीत होतं.

तो हसला. "माही इज्जत? माही त तू घेऊनच राहिला होता. मी तुही सांभाळली, लेका. भर कोर्टात सांगू काय, का या वकीलसाहेबाले मी त्याच्या व्याह्यासमोर हाकललं होतं?"

इतकी वर्षं माझा हिशोब बरोबर आला असं मी धरून होतो. तो चुकला होता. त्या दिवशी कोर्टात मी वेळ मागितला असता, प्रश्न मागे घेतला असता, तर चाललं असतं. यातलं काही तेव्हा सुचलंही नव्हतं.

"मी मिलवाल्यांच्या सभेत सगळं सांगतो," मी म्हटलं. "सर्वांसमोर. लिहून नेतो, वाचून दाखवतो."

"काय लिवशील?"

"की तू खोटारडा नव्हता."

"हे बी खोटंच. शपथ म्या घेतली होती. खोटं म्या बोललो. तू त निसतं इचारलं." त्यानं पाय उन्हात आणखी लांब केले. "वाच ना, वाच. सारे टाया वाजवतीन. म्हन्तीन, पाहा, केवढ्या मनाचा मानूस हाय. मी नाई येनार."

सभेत मी गेलो नाही.