उडत्या रिक्षाचं कापड

लालबागला तळमजल्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं, मंडपांची छपरं असलं जाडजूड काम आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि एक मालवणी काका. काका माझ्याही आधीपासून या धंद्यात आहेत आणि मशीनवर बसले की सहसा तोंड उघडत नाहीत. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कापड चिमटीत धरून त्यात किती जीव उरलाय हे सांगणं ही आमच्या घरातली विद्या. त्या विद्येची मी एकदा स्वतःच्या हाताने कशी माती केली, ते सांगते.

एका दुपारी दादरच्या हिंदू कॉलनीतले एक साहेब टॅक्सीतून उतरले. मोठ्या कंपनीतून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी एक फुगलेली बॅग माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, पॅराशूट शिवून द्याल का?"

"कोण पडलं?" मी विचारलं.

त्यांना ते आवडलं नाही. "पडायचं नाही हे. उडायचं आहे."

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तीन चाकांचा एक सांगाडा, पुढेमागे दोन खुर्च्या, पाठीला इंजिन आणि त्याला मोठा पंखा. पंखा मागून ढकलतो, सांगाडा धावतो, मागे पसरलेलं कापड हवा पिऊन डोक्यावर उभं राहतं आणि सगळं मिळून जमीन सोडतं. त्याचा वेग ठरलेला. रेस वाढवली तर पुढे पळत नाही, नुसतं वर चढतं. रेस कमी केली की उतरतं. वळायचं तर पायाने दांडी दाबायची. रिकाम्या रस्त्यावरची बस त्याला आरामात मागे टाकेल. आणि जरा वारा सुटला तर घरी बसायचं.

"म्हणजे वारा नसेल तेव्हाच उडणारं विमान," मी म्हटलं.

"जगातलं सर्वांत सुरक्षित विमान!" साहेब म्हणाले. "इंजिन बंद पडलं तरी वर कापड आहेच. अलगद खाली."

आधी ते ट्राइक शिकायला गेले होते. त्यात वर अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणून बसवलेला त्रिकोणी पंख आणि त्याला टांगलेली गाडी असते. हातातली आडवी दांडी पुढे ढकलली की नाक वर जातं, छातीशी ओढली की खाली. साहेबांनी ते दर वेळी उलटं केलं आणि शेवटी शिकवणाऱ्यानेच हात जोडले. साहेबांच्या मते दोष ट्राइकच्या डिझाइनमध्ये होता. शिकणाऱ्याच्या डिझाइनबद्दल ते काही बोलले नाहीत.

"ट्राइक म्हणजे मोटरसायकल हो. हे म्हणजे रिक्षा. कोणीही चालवावं."

आमच्या भागात रिक्षाला बंदी आहे ती काही उगाच नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिऱ्हाईक म्हणून गिळलं.

मुंबईवर ते उडवायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी आणि दोन मित्रांनी मिळून हे जुनं यंत्र घेतलं होतं आणि घाटापलीकडे कुणाच्या तरी शेतात ठेवलं होतं. बाकी कागदांचं विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे". हे वाक्य उच्चारताना माणूस नेहमी दुसरीकडे बघतो, तसं त्यांनी बघितलं.

कापडाला एके ठिकाणी हातभर फाट होती. साहेब म्हणाले, "इम्पोर्टेड मटेरियल आहे. तुम्हाला अशा कामाची सवय नसेल. जमेल ना?"

जमेल ना! तिथेच मी फसले. ते काय म्हणतात यापेक्षा ते कुणाला म्हणतात, गिरणीवाल्याच्या मुलीला, हे मला जास्त लागलं. मी फाट मोजली, त्यांनी आणलेला नव्या कापडाचा तुकडा घेतला आणि म्हटलं, "परवा न्या."

कापड हाताळताना मला कळलं होतं. नवं नायलॉन चुरगळलं की पापडासारखं वाजतं. हे वाजत नव्हतं. जुन्या परकरासारखं मऊ लागत होतं. रंगही वरच्या बाजूला उडालेला. काकांनी एक टोक चिमटीत धरलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं.

"गो बाय, ह्या कापडात जीव रवाक नाय."

"आपल्याला फाट शिवायला सांगितलीय, काका. तेवढी शिवू."

मी तेवढीच शिवली. काय शिवली पण! आतून तुकडा, बाहेरून तुकडा, दुहेरी टीप, टाके सगळे एका लांबीचे. साहेब न्यायला आले तेव्हा टिपेवरून बोट फिरवत म्हणाले, "वा, फॅक्टरीसारखं!" बाकीच्या कापडाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी फुशारले होते. दुसऱ्याच्या तोऱ्याला हसणारी मी, माझ्याही डोक्यावर कापड हवा पीत उभं राहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी आल्या. पॅराशूटच्या बॅगेचा तुटलेला बंद बदलून हवा होता, कापड आतच होतं. शांत बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. बंद लावेपर्यंत स्टुलावर बसल्या आणि सहज बोलल्या, "रविवारी मलाही बसवणार आहेत मागच्या सीटवर. म्हणतात, आपल्या बिल्डिंगच्या जिन्यापेक्षा सेफ आहे."

माझे हात थांबले. "वहिनी, हे कापड उन्हात होतं का?"

"आधीच्या मालकाने शेडच्या पत्र्यावर टाकलेलं होतं म्हणे. मग ह्यांनी आमच्या गच्चीवर पसरलं. सगळ्या सोसायटीला दाखवायचं होतं ना. गेल्या वर्षी अख्खा मे महिना होतं."

मे महिना! गच्चीवर! ताडपत्रीसुद्धा उन्हाने करपते हे आमच्या शेजारच्या भेळवाल्याला कळतं. या माणसाने आयुष्यभर मोठमोठ्या फायलींवर सह्या केल्या होत्या.

मी बॅग दिली नाही. म्हटलं, संध्याकाळी घरी घेऊन येते. साहेब असतील तेव्हा.

संध्याकाळी काकांना बरोबर घेऊन गेले. दिवाणखान्यात साहेब आणि त्यांचे दोन भागीदार मित्र चहा पीत हवामानाचा अंदाज बघत होते. मी सरळ सांगितलं की कापड मेलंय, यात बसू नका, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

साहेब हसले. "तुम्ही शिवलंत ना ते? मग?"

"मी फाट शिवली. बाकीचं तसंच आहे."

"हे बघा बाई, तुम्ही ताडपत्र्या शिवता. हे एरोडायनॅमिक्स आहे. याच्या एकेका कप्प्यात हवेचा दाब असतो, शंभरेक दोऱ्यांवर वजन वाटलं जातं."

ताईची बाई झाली होती. आता मला बरं वाटलं, मलाही गिऱ्हाईक सांभाळायची गरज उरली नाही. एरोडायनॅमिक्स ऐकून कापडाचं वय कमी होत नाही, असं मी म्हटलं. दोघा मित्रांनी चहात बघितलं.

बॅग वजन करायचा हाताचा काटा त्यांच्या कपाटावर पडला होता. मी तो मागितला. गोधडीची जाड सुई कापडातून आरपार घातली, तिला दोरा बांधला आणि दोरा काट्याच्या हुकात अडकवला. आधी माझ्या नव्या तुकड्यावर. काकांनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, मी ओढत गेले. सुई वाकायला लागली, कापड तसंच. मग हातभर बाजूला, जुन्या कापडावर सुई घातली.

"तुम्ही मुद्दाम जोरात ओढाल," साहेब म्हणाले.

"मग मी ओढते," वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या, माझ्या हातातून काटा घेतला आणि ओढला. काट्याचा आकडा धड हललाही नसेल. सुई कापड चिरत वीतभर सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. वहिनींनी फटीतून आपलं बोट घातलं, बाहेर काढलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"रविवारी मी येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही जाऊ नका."

एक मित्र लगेच उठला, त्याला माटुंग्याला काम आठवलं. साहेबांनी कापड माझ्या हातून ओढून घेतलं. त्या चिरेला त्यांनी कुणाकडून चिकटपट्टी लावून घेतली ते मला माहीत नाही, पण लावली. रविवारी ते उरलेल्या मित्राला घेऊन गेलेच.

काय झालं ते वहिनींनी फोनवर सांगितलं. उडायची वेळच आली नव्हती. वारा पडायची वाट बघायला हवी होती, पण साहेबांना घाई. कापड वर उभं राहिलं आणि एका झुळकीने बाजूला कललं. गाडी उलटून शेताच्या बांधापर्यंत फरफटत गेली. वरच्या बाजूचे चार कप्पे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडले. साहेबांचं मनगट मोडलं, चष्मा गेला.

"हे जर वर झालं असतं तर?" वहिनींनी विचारलं. वहिनी माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आभार मानत होत्या.

काकांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि मशीन चालू केलं. "मी सांगललंय तुका" असंही ते म्हणाले नाहीत. त्याचा मला जास्त त्रास झाला.

पावसाळा संपता संपता एका परक्या माणसाचा फोन आला. पनवेलकडचा होता. म्हणाला, एक पॅराशूट विमान विकत घ्यायचंय, जाहिरातीत लिहिलंय की कापडाची लालबागच्या तज्ज्ञांकडून नुकतीच दुरुस्ती झाली आहे, मालकांनी तुमचा नंबर दिला.

तज्ज्ञ! मोडलेल्या मनगटाने त्यांनी मला बढती दिली होती.

"शिलाई कशी आहे?" त्याने विचारलं.

"शिलाई उत्तम आहे," मी म्हटलं, "आणि कापड भंगार. बघायला जाल तेव्हा जाड सुई आणि वजनकाटा घेऊन जा. कुठेही टोचा आणि ओढा. मालक चिडले तर चिडू द्या." मग कसं टोचायचं, किती हळू ओढायचं ते मी त्याला नीट, दोनदा समजावलं. त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. मी त्यांचं नुकसान केलं, माझ्यासारख्यांना मान दिला हीच चूक झाली, असं बरंच काही बोलले. मी ऐकून घेतलं. ते दमल्यावर म्हटलं, "साहेब, नवं कापड घेतलंत तर आणा. आधी ओढून बघेन, मग शिवेन."

त्यांनी फोन आपटला. त्यानंतर ते आले नाहीत. वहिनी मात्र दिवाळीच्या आधी आल्या, गॅलरीचा पडदा शिवायला. कापड त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं. काकांनी ते हातात घेऊन चुरगळलं आणि "बरा आसा" म्हणाले.