नाकवाली

धक्क्यावरच्या बाजारात तिला सगळे नाकवाली म्हणत. नाक काही मोठं नव्हतं हो, पण नाकाशी नेऊन बघितल्याशिवाय चाळीस वर्षांत तिने एक मासा कुणाच्या पिशवीत टाकला नव्हता. म्हणून तिच्या ओट्यावर मासा ताजा आहे का ते कुणी कल्ले उघडून बघत नसे. निवृत्त मास्तर तर पिशवी पुढे धरायचे आणि भलतीकडेच बघत राहायचे.

त्या सकाळी जुना बाजार बघायला पाहुण्यांची वारसा फेरी आली. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरे आणि नाकाला रुमाल! पाहुण्यांना वास नको म्हणून आयोजकांच्या माणसांनी पहाटेच ओट्यांवर फिनेल ओतलं होतं. शी! नाकवालीला मळमळत होतं. मासळीबाजारात मासळीचा वास नको, तर मग तडमडायला आलात कशाला मेल्यांनो?

"या मावशी म्हणजे चालताबोलता इतिहास," गाईड म्हणाला. एका बाईने या चालत्याबोलत्या इतिहासाला कोपराने बाजूला सारून कोयत्याचा फोटो काढला.

तेवढ्यात मास्तर आले. नाकवालीने मासा उचलला आणि नाकाकडे नेऊ लागली, तर घोळक्यातून आवाज आला, "ईऽऽ!"

गाईड तिच्या कानाशी लागला. "मावशी, तेवढं वासाचं राहू द्या. लोकांना किळस येते."

तिला शरम वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या धंद्याची शरम वाटली, आणि तिने मासा तसाच पिशवीत सोडला.

"बघा, याला म्हणतात विश्वास!" गाईड म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फेरी पुढे सरकल्यावर तिने त्याच पाटीतला दुसरा मासा नाकाला लावला आणि झटकन दूर धरला. ओट्यावरचं फिनेल पाटीतल्या बर्फात झिरपलं होतं. तिने अख्खी पाटी उकिरड्यावर उपडी केली. मास्तर केव्हाच गेले होते, आणि त्यांचं घर कुठे ते बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तर चौथ्या दिवशी आले. चेहरा उतरलेला.

"पोट बिघडलं होतं जरा. वय झालं आता," ते म्हणाले.

"वय कसलं मास्तर! फिनेल होतं त्यात. त्या मुडद्यांनी ओतलं. पण नाक तर माझंच होतं ना. थू माझ्यावर."

"असू दे गं. होतं असं."

तिने चांगला मासा निवडला, दोनदा नाकाशी नेला आणि पुढे केला. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि दोन बोटांनी माशाचा कल्ला उघडून बघितला.