पाहुण्यांचा भाव

शिड्यांच्या कारखान्यातले फोरमन मामा तोंडाचे फटकळ, मनाचे साफ. परदेशी अधिकारी चौकशीला आले त्या सकाळी मालकांनी बजावलं होतं, "मामा, आज तोंडाला कुलूप!" पण साहेबाने शिडीवर थाप मारून वाहवा केली आणि मामा फुलले.

"साहेब, हीच शिडी इथल्या लोकांना महाग विकतो. तुमच्याकडे स्वस्तात पाठवतो. पाहुण्याचा मान नको ठेवायला?"

दुभाष्याने शब्द न् शब्द सांगितला. मालकांचा चेहरा पडला. इथल्यापेक्षा तिथे स्वस्त विकून तिथले कारखाने बुडवता, हाच तर त्या देशाचा आरोप होता. तिथे या शिड्यांवर जबर कर बसला, मागणी आटली, कारखाना बंद पडला.

शेवटच्या दिवशी फाटकापाशी मालकांनी मामांच्या खांद्यावर एक शिडी ठेवली. "न्या मामा. ही फुकट."

शिवी घातली असती, तर मामांनी सोसली असती.