कडगंचीपर्यंतचा करंट

मी आयुष्यात एकदाच पेट्रोल चोरून आणलं, आणि तेही स्वतःचे पैसे देऊन, स्वतःच्याच गाडीसाठी. हे ऐकून आमच्या हुलसुरात लोक अजून हसतात. त्यांनी हसावंच.

गाडी हैदराबादहून आणली होती. उंच, रुंद, सगळं घर मावेल एवढी, आतून लग्नाच्या हॉलसारखी गार. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे तिला करंटही लागतो आणि पेट्रोलही. रात्री तारेला लावून ठेवायची, सकाळी बॅटरीवर पळवायची, आणि बॅटरी संपली की आतलं इंजिन आपोआप सुरू होऊन पेट्रोलवर पुढं नेतं. शोरूमवाल्यानं हे सगळं नीट समजावलं होतं. गावात येऊन मी त्यातलं अर्धंच सांगितलं. आडतीवर तूर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला म्हणालो, ही करंटवर चालती, हिला पेट्रोल पंपाचं तोंड बघायचं कामच न्हाई. पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबं ठेवली होती. गाडी त्यांच्यावरून गेली तर चिरडल्या लिंबांशिवाय कसलाच आवाज नाही. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "जित्ती हाय का न्हाई ही?"

एकदा असं बोलून बसलं की माणसाला तसं वागावं लागतं. पंप बरोबर आमच्या आडतीसमोर. तिथं ही गाडी उभी करणं म्हणजे सगळ्या बाजारापुढं कान धरून उभं राहणं. त्यामुळं टाकी तळाला गेली, पडद्यावर पिवळा दिवा लागला, तरी मी पंपाकडं वळलो नाही. करंट होता ना.

पण लेकीला कडगंचीला न्यायचं ठरलं आणि माझी गोची झाली.

लेक अर्थशास्त्र शिकलेली. कडगंचीच्या विद्यापीठात पीएचडीच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. साडेदहाच्या आत हजर राहायचं, उशीर झाला तर नाव कटलं, असं स्पष्ट कळवलेलं. ह्या मुलाखतीवर आमच्या घरात नुसती जागा नव्हती टांगलेली. अफजलपूरकडचं एक स्थळ आलं होतं. भीमेकाठचा ऊस, चांगलं घर, मुलगाही बरा. मी त्या स्थळाच्या बाजूनं होतो आणि ते लपवलंही नव्हतं. बरीच भांडणं झाल्यावर स्वयंपाकघरात एक तह झाला: जागा मिळाली तर लग्न थांबेल, नाही मिळाली तर अफजलपूरला होकार. लेकीनं तो तह मान्य केला होता. दातओठ खात, पण केला होता.

आदल्या दिवशी मी शेतातल्या शेडवर गुपचूप पेट्रोलचा कॅन आणून ठेवला. गाडी तिथंच, मोटारीच्या कनेक्शनशेजारी चार्ज होत असे. दिवेलागणीला नरसाळं घेऊन गेलो, तर लाइट गेलेली. मोबाइलचा उजेड पाडला असता, पण बांधापलीकडं शेजारी म्हशी बांधत होता आणि त्याला मी कालच करंटचं पुराण ऐकवलं होतं. म्हणून अंधारातच ओतलं. वास आला, पण शेडमध्ये सगळ्याच वस्तूंना तो वास असतो. जन्मभर ट्रॅक्टर आणि जीप बाळगलेल्या माणसाला डिझेलचा वास येतो म्हणजे काय, तर काहीच येत नाही.

रात्री लाइट आली, पण व्होल्टेज असं की बल्ब मेणबत्तीसारखा. गाडीनं थोडं खाल्लं आणि बाकीचं ताटात टाकलं. सकाळी बॅटरी अर्ध्याच्या थोडी वर. मी निर्धास्त होतो. टाकीत पेट्रोल होतं ना.

बसवकल्याण मागं टाकून आम्ही आळंदच्या रस्त्याला लागलो. लेक शेजारी, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, बायको मागं डबा मांडीवर घेऊन. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. आमच्या गाडीत फोन उचलला की आवाज सगळ्या दारांतून येतो. घरचं बोलणं सगळ्या दारांतून ऐकायची मला आवड नाही, म्हणून मी कडेला थांबवून खाली उतरलो.

भावानं विचारलं, "अण्णा, फवारणीच्या पंपाला पेट्रोल पाहिजे म्हणून आलो, तर पेट्रोलचा कॅन भरलेलाच हाय. ट्रॅक्टरचा डिझेलचा कॅन रिकामा. गाडीत काय वतलाव तुमी?"

अंधारात हाताला दुसराच कॅन लागला होता. भाऊच पुढं म्हणाला, करंट हाय तवर चालती. इंजिन चालू झालं की मेली. कुठं हाव तिथं थांबा.

मी म्हणालो, बघतो. आणि गाडीत येऊन बसलो.

बायकोनं विचारलं काय म्हणालेत, तर फवारणीचं म्हणालो. खोटं नव्हतं. एसी बंद केला. थंडीचे दिवस, कामून बंद केलाव असं कुणी विचारलं नाही. पडद्यावर बॅटरीवर जाईल तेवढं अंतर दिसत होतं आणि माझी नजर तिथं चिकटली. गोम अशी की मी पाय जरा जोरात दाबला तरी इंजिन आपणहून मदतीला धावणार. अशी मदत की सगळं संपेल. आणि हळू चालवलं तर साडेदहा हुकणार.

एका गावाजवळ रस्त्यावर तुरीच्या काटक्या पसरलेल्या. आमच्याकडं मळणीला गाड्यांची चाकं फुकट मिळतात. बाजूनं जावं तर खड्डा. एक बाई दांडकं घेऊन उभी. मी काटक्यांवरून गेलो, चाकं फिरायला जड, आकडा भराभर दोननं उतरला. बाईनं काच वाजवली. गाडी जड हाय, चांगली हाय, मागं घेऊन अजून एकदा फिरवा म्हणाली. लेकीनं घड्याळ बघितलं आणि मी हात जोडले.

आळंदच्या स्टँडसमोर कलबुर्गीची बस उभी होती. कंडक्टर दारात, दोन-चार माणसं चढत होती. ती कडगंचीवरूनच जाते. मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, उतर, बसनं जा, गाडीत घोटाळा झालाय. माझं तोंड उघडलंही. मग म्हणालो, चहा घ्यायचा का? कुणाला नको होता. बस सुटली. थोड्या वेळानं ती आमच्या पुढं गेली, कारण मी सायकलच्या वेगानं चाललो होतो.

त्या मिनिटभरात मनात काय होतं ते मला अजूनही नीट लावता येत नाही. लाज होती, हे नक्की. करंटवाला म्हणून मिरवलेला माणूस डिझेल ओतून बसलाय, हे बायकोपुढं कसं सांगायचं? पण त्या लाजेखाली आणखी एक बारीक गोष्ट होती, सरड्यासारखी, बांधावर दिसली न दिसली अशी. गाडी बंद पडली तर अफजलपूर.

बस दिसेनाशी झाली आणि भावानं पुन्हा फोन केला. ह्या वेळी बटण चुकून दाबलं गेलं. त्याचा आवाज सगळ्या दारांतून एकदम आला, "अण्णा, डिझेल काढलाव का न्हाई? इंजिन चालू हू देऊ नका बरं का."

मी फोन बंद केला. 

लेक माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "अप्पा, मुद्दाम केलाव का?"

"न्हाई. अंधारात कॅन बदलला."

"कधी कळालं?"

"मघाशी."

"म्हंजे बस उभी होती तवा तुम्हाला ठाव होतं."

बायको मागून म्हणाली, "उतरा तुमी. तिला चालवू द्या." आमच्या तीस वर्षांच्या संसारात तिनं मला एवढं सरळ काही सांगितलेलं आठवत नाही.

मी मागं जाऊन डबा मांडीवर घेऊन बसलो. लेकीनं चपला काढल्या, अनवाणी पाय ठेवला. म्हणाली, बुटाच्या माणसाला किती दाबलंय ते कळत न्हाई. पाटीवर कडगंची जेवढी दूर होती त्याच्यापेक्षा पडद्यावर एकच किलोमीटर जास्त होता. मी चालवताना गाडी चढावर धापा टाकायची आणि उतारावर ब्रेक खायची. तिनं चढावर पाय नुसता टेकवून ठेवला, उतारावर उचलून घेतला, आणि उतारानं बॅटरीला थोडं थोडं परत दिलं. पडद्यावरचा आकडा एकदा वर गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्या गाडीचं खरं कौतुक केलं, मनातल्या मनात.

मागून उसाची ट्रॉली आली. ड्रायव्हरनं आम्हाला हॉर्न दिला, मग ओलांडून पुढं गेला. जाताना वाकून गाडीकडं बघत हसला. एक ऊस घसरून आमच्या बोनेटवर आपटला. लेक हलली नाही.

मी घड्याळाकडं बघायचो, मग पडद्याकडं. उरलेला वेळ आणि उरलेला करंट, दोन्ही खाली चाललेले. एका वळणावर मेंढरं आडवी आली आणि गाडीला आवाज नसल्यानं एकानंही मान वळवली नाही. मी खाली उतरून ती हाकलली, धोतर नेसलेल्या धनगरानं माझ्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडं बघून काहीतरी कन्नडात म्हटलं. मला कन्नड चांगलं येतं, म्हणून ते इथं लिहीत नाही.

विद्यापीठाची कमान दिसली तेव्हा पडद्यावर एक किलोमीटर उरला होता आणि साडेदहाला दहा मिनिटं. लेकीनं आत शिरायचा प्रयत्नच केला नाही. फाटकाबाहेर झाडाखाली गाडी सावकाश लावली, बटण दाबून बंद केली, चपला घातल्या, फाइल घेतली आणि पळत सुटली. पहारेकऱ्यानं कागद बघून तिला आत सोडलं. ती मागं वळून बघेल म्हणून मी हात वर करून उभा होतो. नाही बघितलं.

झाडाखाली आम्ही दोघं. बायको गाडीत बसून बाहेर बघत होती. मी फोन काढला आणि अफजलपूरकडच्या माणसाला लावला. आमचं सध्या जमत न्हाई, पोरीला शिकायचंय, तुमी आमच्यासाठी थांबू नका, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, जागा मिळाली व्हय? म्हणालो, अजून कळालं न्हाई. बरं म्हणून त्यांनी चांगल्या माणसासारखा फोन ठेवून दिला.

बायको म्हणाली, "हे कडगंचीला येऊन सुचलं व्हय तुम्हाला?"

"आळंदला सुचायला पाहिजे होतं."

लेक दुपारी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मुलाखत बरी झाली, एवढंच म्हणाली, यादी नंतर लागणार. गाडी उचलून न्यायला क्रेनची गाडी निघाली होती, ती येईपर्यंत आम्हाला तिथंच थांबायचं होतं. आई गाडीतून उतरून दगडावर बसली होती, लेक तिच्याशेजारी बसली. मी अफजलपूरचं सांगितलं. यादीत नाव आलं नाही तरी नाहीच, हेही सांगितलं.

ती बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिली.

"ते डिझेलचं खरंच अंधारामुळं व्हय?"

"व्हय."

"आणि बसचं?"

"बसचं न्हाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. डबा उघडला, सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. शेंगाची चटणी लावून कडक भाकरीचे मोठे मोठे घास खाल्ले, एक संपवून दुसरी घेतली. मग माझ्याकडं न बघता आईला म्हणाली, "अव्वा, ह्यांना पण एक दे."