बिनदेवाची वैदीण

अकरावीच्या उन्हाळ्यात मी एक खेळ खेळले. त्यात मला एक देव निवडायचा होता आणि मी तो निवडला नाही. लोक मला आजही हट्टी म्हणतात, तेव्हा मला ती सुट्टी आठवते आणि अजिबात वाईट वाटत नाही.

आई गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. आमच्या क्वार्टरशेजारी जंगल खात्यातल्या साहेबांचं क्वार्टर होतं. त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनियरिंगला होता, तो सुट्टीत घरी आला तेव्हा अमेरिकेतल्या मामाने पाठवलेलं एक जाड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे घेऊन आला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि लढाईत कोण वाचलं ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. गोष्ट सांगणार तो. माझ्या वर्गातली एक गोंड मैत्रीण एटापल्लीकडची होती, सुट्टीत काकांकडे राहिली होती. ती तलवारवाली झाली. मी वैदीण झाले. दुसरं काही व्हायचं मला सुचलंही नाही.

पुस्तकाप्रमाणे वैदिणीची ताकद देवाकडून यायची, म्हणून मागे देवांची पानंच्या पानं होती. तेंदूच्या झाडाची पिकली टेंभरं खात आम्ही ती वाचली. नावं बनवलेली, पण खाली बारीक अक्षरांत मूळ दिलं होतं. हातोडा फेकणारा गडगडाटाचा देव बर्फाच्या मुलखातला. मेलेल्यांचं काळीज तराजूत तोलणारा कोल्ह्याच्या तोंडाचा देव इजिप्तचा. चार हातांची एक देवी तर सरळ आपल्याकडचीच, नुसतं नाव बदललेलं. आणि प्रत्येकासमोर आकडा होता, किती वार खाल्ले की तो मरेल त्याचा.

"एकच काऊन निवडायचा?" मैत्रीण म्हणाली. "आम्ही सात देववाले. एकाले घेतलं त बाकीचे सहा रागावतीन ना!"

गोंडांत प्रत्येक कुळाचे देव मोजून ठरलेले असतात, तिच्या कुळाचे सात. तिला ते सातही ठेवता आले, कारण तलवारीला देव लागत नव्हता. अडलं माझं. आमच्या घरातले देव आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यावर टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते. त्यानंतर आमच्यात कुणी देवापुढे हात जोडले नव्हते. खेळातसुद्धा मी जोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा मुलगा खूश होऊन आला. रात्री जागून त्याने खास माझ्यासाठी एक देव बनवला होता. झाडाखाली बसलेला, डोळे मिटलेला, शांत. हात लावला की जखम बरी. समोर आकडाही होता, सगळ्यात मोठा.

"हे त भगवान बुद्ध आहेत," मी म्हटलं.

"हो ना! तुमचाच देव. आता त चालते?"

माझं डोकंच फिरलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, पण राग आला तो आलाच. "ते देव नाई. मानूस होते. त्यायले नंबर काऊन देल्ला तू?"

तो ओशाळला. पण नियम तो नियम. त्याच दुपारी खेळातल्या एका गुहेत मैत्रिणीच्या पोटात भाला घुसला. ती मेली असती तर तिचा खेळ तिथंच संपला असता, आणि तिने त्या तलवारवालीवर जीव लावला होता.

"देवाचं नाव घेऊन टाक ना," तो कळवळून म्हणाला. "खोटं खोटं."

"खोटं खोटं पन नाई."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिनेही नाव घे म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मी त्याला विचारलं, देवाशिवाय जखम भरतच नाही का? त्याने पानं उलटली. भरते, पण पडून राहिलं तर, रोज थोडी थोडी. तोवर लांडगे येतील, रोज फासा पडेल.

"बस मंग," मैत्रीण म्हणाली. "आमच्याकडं पेशंटले खाटेवर टाकून पायी आनतेत दवाखान्यात. एका मिनिटात कोन बरं होते?"

म्हणून आम्ही गुहेत बसलो. मी पाणी उकळलं, जखम धुतली, पट्टी बदलली, आई करते ते सगळं सांगितलं. तो फासे टाकत गेला. ताप चढला. लांडगे आले, मी दाराशी काठी घेऊन उभी राहिले. मध्ये एकदा साहेबीणबाई सरबत घेऊन आल्या, तर कुणी पेल्याला हात लावला नाही. उन्हं उतरली तेव्हा तलवारवाली भिंतीला धरून उभी राहिली आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो, नियमवाला.

आई ड्यूटीवरून आली. ती पाय धूत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं, देव, आकडा, भांडण. मला वाटत होतं, बुद्धांचा आकडा ऐकून ती चिडेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि ड्यूटी बदलताना दुसऱ्या सिस्टरला विचारावं तसं मला विचारलं,

"पेशंट उठली काय?"

"उठली."

"बरं. मंग जेवाले वाढ."