खिळ्यावरची हिरवी साडी

लताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी औंढा नागनाथच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "आई गेली गं..." हातातला गठ्ठा मी बाकावर ठेवला, तो तिथेच राहिला. पोलिसाच्या मरणावर तू रडशील असं मला आधी कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते.

लताताई आमच्या ठाण्यात हवालदार होत्या. ओळख झाली तीही भांडणातूनच. होळीला लाकडं चोरायची आणि मोठ्यांच्या शिव्या खायच्या, हा आमच्या डोंगरकडा गावाकडचा जुना रिवाज. आमच्या बौद्ध वस्तीत होळी पेटत नाही, पण पळापळीची हौस सगळ्याच लेकरांना असते. त्या वर्षी गावातल्या पोरांनी मिळून एका मालकाच्या शेताचं लाकडी फाटक उचललं आणि होळीत टाकलं. मोकळ्या वाटेनं जनावरं शिरली, उभा गहू तुडवला. नुकसान खरं होतं, मी नाकारत नाही. पण तक्रार झाली एकट्या समाधानवर. नऊ वर्षांचा, आमच्या वस्तीतला. बाकीच्यांची ती होळी आणि आमच्याची चोरी! मी ठाण्याच्या दारातूनच ओरडायला लागले.

"ए पत्रकवाली, दम खा जरा," लताताई म्हणाल्या. "लेकरू आमच्या वर्दीला भ्यालंच हाय, आता तुझ्या आवाजाला बी भिऊन राहिलं."

त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथे खिळ्याला एक हिरवी सुती साडी कायम टांगलेली असे. ती नेसून आल्या. लेकराशी बोलताना पोलिसाच्या अंगावर वर्दी नको, हे कायदाच सांगतो. तो पाळताना मी फक्त त्यांनाच पाहिलं. समाधानशेजारी बसून त्यांनी चिवडा पुढे केला.

"फाटक काहून नेलं रे?"

"होळीला."

"एकट्यानं उचललं? पैलवानच हायेस की!"

पोरगं खुललं. एकेक नाव सांगत गेलं... आणि शेवटी समोर बसलेल्या मालकाला आनंदानं म्हणालं, "तुमचा बबलू बी व्हता की! कडी त्यानंच काढली!"

मालक चपापले. "आमचा नातू लहान हाय, बाई. त्याला काय कळतंय?"

"व्हय," लताताई म्हणाल्या. "आन् हे मोठं हाय का?"

तक्रार मागे घेतली गेली. मला वाटलं, जिंकलो. पण ताईंनी रविवारी सगळ्या पोरांना, बबलूसकट, त्या शेतावर बोलावलं आणि उघड्या जागेला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करायला लावलं. मी चिडले. "ही शिक्षाच झाली की, ताई!"

"गहू गेला हे त्यांना दिसाया नको का, पोरी? कोर्टात उभं केलं तर निस्ता पोलीस दिसल."

समाधान मात्र शाळेत जाईना. पोरं त्याला 'ठाण्यातला' म्हणायची. एकदा ठाण्यात बसवलेल्या लेकराची शाळा सुटायला एवढं पुरतं. खटला तर दूरच राहिला. ताई त्याच साडीत सकाळी वस्तीत यायच्या आणि त्याचं दप्तर स्वतः धरून शाळेपर्यंत चालायच्या, तो एकटा जायला लागेपर्यंत. चौकात बसून "गुन्हा केला ना, मग वय कशाला बघायचं" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी असं दप्तर धरावं, मग माझ्याशी बोलावं.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात झाली. हाडांवर नुसती कातडी उरली होती. मी कुठल्याशा मोर्चाचं सांगत होते. त्यांनी मधेच विचारलं, "समाधान शाळंत जातो ना?" मी हो म्हटलं. "मंग बरं..." आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "साडी घरी आणलीय धुवाया. ठाण्यात नेऊन ठेव. लेकरं ठाण्यात यायची काय थांबत न्हाईत."

मुलीनं ती धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात दिली. मी ती त्याच खिळ्याला टांगून आले. मागच्या आठवड्यात पुन्हा ठाण्यात जावं लागलं. दुकानातून मोबाईल उचलला म्हणून एका दहा वर्षांच्या पोरीला आणलं होतं. वर्दीतला माणूस उभ्यानं विचारत होता, ती भिंतीला चिकटून रडत होती. मी भांडले. माझ्याकडे दुसरं आहे काय! पोरीला घरी सोडलं, पण ती जाताना कुणाकडेच बघत नव्हती.

निघताना आतल्या खोलीत डोकावले. साडी खिळ्यावर होती... इस्त्री तशीच. घडी अजून कुणी मोडलेली नाही.